वाचक विचारतात : चर्चागटांतला चिवट स्पॅम

चर्चागटांत येणाऱ्या नकोशा जाहिरातींविषयी आलेल्या पत्रांपैकी चार येथे निवडली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : नोकरीनिमित्त अमेरिकेत असताना यूजनेट या इंटरनेटवरील जुन्या चर्चाव्यवस्थेतले गट वाचण्याची सवय लागली आणि निवृत्त होऊन नाशिकला परतल्यावरही ती सुटलेली नाही. आमच्या गटात आता मोजकीच माणसे उरली आहेत. परंतु एक इसम रोज नवे नाव धारण करून औषधांच्या जाहिराती आणि असंबद्ध मजकूर टाकत असतो. त्याचे नाव किलफाईलमध्ये, म्हणजे ज्यांचे लेख लपवायचे त्यांच्या यादीत, घातले की दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या नावाने हजर होतो. याचा कायमचा बंदोबस्त करता येतो का?
— एक निवृत्त अभियंता, नाशिक

उत्तर : आपल्या पडद्यापुरता बंदोबस्त निश्चित करता येतो, साऱ्या गटापुरता करणे फार अवघड आहे. त्याचे कारण यूजनेटच्या रचनेतच आहे. ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी १९७९ मध्ये कल्पिलेली ही व्यवस्था कोणा एकाच्या मालकीची नाही. एका सर्व्हरवर टाकलेला लेख शेजारच्या सर्व्हरकडे, तेथून त्याच्या पुढच्याकडे असा पसरत जातो आणि प्रत्येक सर्व्हर आपली स्वतंत्र प्रत ठेवतो. त्यामुळे एका ठिकाणी एखाद्याला दार बंद केले, तरी तो दुसऱ्या दाराने आत येतो आणि त्याचा लेख आपल्यापर्यंत पोहोचतोच.

प्रथम आपल्या पडद्याविषयी. लेखकाचे नाव आणि ईमेल पत्ता असलेली ‘फ्रॉम’ ओळ ही लिहिणाऱ्याने स्वतः भरलेली असते आणि ती कोणीही तपासत नाही. किलफाईल नावावर बेतली की आपण त्याच्या हातातल्या वस्तूवर पहारा ठेवतो. ज्या गोष्टी त्याच्या हातात नाहीत, किंवा बदलायला त्याला त्रास पडतो, त्यांच्यावर नियम बसवावेत. लेखाच्या शीर्षभागात, म्हणजे मजकुराआधीच्या तांत्रिक ओळींत, अशा बऱ्याच गोष्टी सापडतात. ‘इंजेक्शन-इन्फो’ ही ओळ लेख ज्या सर्व्हरवर प्रथम दाखल झाला तो सर्व्हर लिहितो. तिच्यात पुष्कळदा खात्याची एक सांकेतिक खूण असते आणि नाव कितीही बदलले तरी खाते तेच असेल तर ती खूण बदलत नाही. ‘पाथ’ या ओळीत लेख हाताळणारा प्रत्येक सर्व्हर आपले नाव डावीकडे जोडत जातो. म्हणून तिचा डावा भाग विश्वसनीय, तर अगदी उजवा भाग लेखकाने आधीच खोटा घालून ठेवलेला असू शकतो. ‘मेसेज-आयडी’ या लेखाच्या स्वतंत्र ओळखखुणेतील ॲट या चिन्हापुढचा भागही बहुधा सर्व्हरचा किंवा वापरलेल्या सॉफ्टवेअरचा माग देतो.

येथे एक अडचण आहे, जिच्यामुळे अनेकांचे नियम लिहूनही लागू पडत नाहीत. वाचनाचे सॉफ्टवेअर सुरुवातीला संपूर्ण शीर्षभाग उतरवून घेत नाही. विषय, लेखक, दिनांक, मेसेज-आयडी, रेफरन्सेस (हा लेख ज्यांच्या उत्तरादाखल आहे त्या लेखांच्या खुणा), आकार आणि ओळींची संख्या एवढाच सारांश ते घेते, आणि बहुतेक सर्व्हर त्यात लेख कोणकोणत्या गटांत गेला आहे हे सांगणारी ‘एक्सरेफ’ ही ओळ जोडतात. पाथ आणि इंजेक्शन-इन्फो या सारांशात नसतात. त्यांच्यावर नियम करायचा असेल तर प्रत्येक लेखाचा शीर्षभाग वेगळा मागवावा लागतो. मोठ्या गटात ते फार रेंगाळते, परंतु आपल्यासारख्या मोजक्या माणसांच्या गटात तेवढी किंमत परवडण्यासारखी आहे.

दुसरे असे की, ‘दाखवा’ किंवा ‘लपवा’ अशा दोनच निवाड्यांऐवजी गुण देण्याची पद्धत वापरावी. एसएलआरएन, ग्नूस आणि पॅन या वाचनसाधनांत ती सोय आहे. ओळखीच्या लेखकाला अधिक गुण, आपल्याच लेखाला आलेल्या उत्तराला त्याहून अधिक, चारपेक्षा जास्त गटांत एकदम टाकलेल्या लेखाला उणे गुण, अनोळखी लेखकाने सुरू केलेल्या नव्या धाग्याला थोडे उणे, असे नियम एकमेकांत मिसळले की कोणत्याही एका नियमाची चूक बाकीचे सांभाळून घेतात. आपल्या इसमाचे बरेचसे लेख कोणाच्याही उत्तरादाखल नसणार, अनेक गटांत एकाच वेळी पडलेले असणार आणि विशिष्ट एक-दोन सर्व्हरांवरूनच येत असणार. या तिन्ही लक्षणांची बेरीज त्याचे नाव न पाहताही त्याला ओळखते. एसएलआरएनच्या गुणपत्रिकेत प्रत्येक नियमाला मुदत घालता येते. ती अवश्य घालावी, कारण जुने नियम साचत गेले की नेमका कोणता नियम कोणाला लपवतो आहे हे स्वतःलाच कळेनासे होते.

आणखी एक गोष्ट आपल्या गटातील मित्रांना आवर्जून सांगावी. स्पॅमला चिडून उत्तर देणारा माणूस मूळ मजकूर उद्धृत करतो, आणि तो मजकूर त्याच्या भल्या नावाखाली सर्वांच्या गाळण्या ओलांडून आत येतो. मी पाहिलेल्या काही गटांत मूळ जाहिरातींपेक्षा त्यांच्यावरच्या तक्रारींनीच जागा अधिक व्यापलेली होती.

साऱ्या गटापुरत्या उपायाचा प्रश्न यूजनेटकरांनी तीस वर्षांपूर्वीच गंभीरपणे हाताळला होता. १२ एप्रिल १९९४ रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल या वकील दांपत्याने ग्रीनकार्डाच्या सोडतीसाठी अर्ज भरून देण्याची जाहिरात हजारो गटांत टाकली. (भारतात जन्मलेल्यांना ही सोडत खुली नाही, हे त्याच जाहिरातीत नमूद होते, म्हणजे भारतीयांच्या दृष्टीने ती दुहेरी निरुपयोगी होती.) एकच लेख अनेक गटांत एकदम टाकला, म्हणजे क्रॉसपोस्ट केला असता, तर एकदा वाचलेला लेख सॉफ्टवेअरने पुन्हा दाखवला नसता. या दोघांनी प्रत्येक गटात वेगळी प्रत टाकली, म्हणून वाचकाला ती ज्या ज्या गटात जाईल तेथे नव्याने भेटत राहिली. संताप त्या वकिलांच्या विषयावर जितका होता, त्याहून अधिक या पद्धतीवर होता.

त्यानंतर ‘कॅन्सलमूस’ या टोपणनावाच्या व्यक्तीने असे लेख रद्द करणारे संदेश धाडायला सुरुवात केली. पण दुसऱ्याचा लेख रद्द करण्याचा अधिकार कोणाला आणि कशावरून, असा प्रश्न लगेच उभा राहिला. त्याला दिलेले उत्तर मला आजही अतिशय शहाणपणाचे वाटते : लेखात काय लिहिले आहे हे पाहायचेच नाही, तो किती वेळा टाकला आहे एवढेच मोजायचे. सेथ ब्राइडबार्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निर्देशांकात प्रत्येक प्रत जितक्या गटांत गेली त्या संख्येचे वर्गमूळ काढून सर्व वर्गमुळांची बेरीज करतात. नऊ गटांत क्रॉसपोस्ट केलेली एक प्रत ३ धरली जाते, तर नऊ गटांत टाकलेल्या नऊ वेगळ्या प्रती ९ होतात. पंचेचाळीस दिवसांत ही बेरीज २० वर गेली की तो लेख रद्द करण्यास पात्र, असा संकेत रूढ झाला. ग्रीनकार्डाची जाहिरात असो, एखाद्या पंथाचे प्रवचन असो किंवा सत्कार्यासाठी केलेले आवाहन असो, मोजमाप एकच. त्यामुळे ‘आमचे मत दडपले’ अशी ओरड करायला जागा राहिली नाही.

तरीही ही व्यवस्था मोडली. रद्द करणारा संदेशही खोट्या नावाने धाडता येतो, आणि नव्वदीच्या दशकाच्या मध्यास सायंटॉलॉजी पंथाची चर्चा करणाऱ्या गटात टीकाकारांचे लेख असेच उडवण्यात आले. परिणामी अनेक सर्व्हरचालकांनी रद्दीकरणाचे संदेश मानणेच बंद केले. त्यावर उपाय म्हणून आलेल्या ‘नोसीम’ या पद्धतीत स्पॅमची यादी करणारा माणूस तिच्यावर डिजिटल स्वाक्षरी करतो आणि कोणाची यादी मानायची हे सर्व्हरचालक किंवा वाचक स्वतः ठरवतो. आपला सर्व्हर अशा याद्या मानतो का, हे चालकास विचारून पाहावे. मानत नसेल तर मानणारा सर्व्हर शोधणे, हा आपल्यासाठी शंभर नियम लिहिण्यापेक्षा सोपा मार्ग आहे.

खरा परिणाम मात्र नेहमी उगमाशी दाब दिल्यावरच झालेला दिसतो. ऑगस्ट १९९७ मध्ये यूयूनेट या मोठ्या सेवादात्याच्या ग्राहकांकडून येणारा स्पॅम थांबेना, तेव्हा त्या कंपनीच्या सर्व्हरांवरून येणारे सर्वच लेख, चांगले-वाईट न पाहता, रद्द करण्याची मोहीम उघडण्यात आली. तिला ‘यूजनेटची मृत्युदंडाची शिक्षा’ असे भयंकर नाव होते. काही दिवसांतच कंपनीने आपल्या ग्राहकांवर आवर घातला आणि मोहीम मागे घेतली गेली. अलीकडचे उदाहरण तर आपण स्वतः अनुभवले असेल. २००१ मध्ये देजा न्यूज या सेवेने साठवलेला यूजनेट लेखांचा संग्रह विकत घेऊन गूगलने यूजनेटला आपल्या गूगल ग्रुप्सचे दार जोडले. पुढे त्याच दाराने इतका कचरा येऊ लागला की अनेक वाचकांनी मेसेज-आयडीत गूगल ग्रुप्सचे नाव असलेला प्रत्येक लेख डोळे मिटून लपवायला सुरुवात केली, आणि त्यात प्रामाणिक लेखकही लपले गेले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी गूगलने नवे यूजनेट लेख घेणे आणि टाकणे थांबवले आणि अनेक गटांतला स्पॅम एकदम ओसरला. त्या दिवसानंतरही आपला इसम टिकून असेल, तर तो बहुधा कोणत्या तरी लहान सर्व्हरवरून येत असणार. इंजेक्शन-इन्फोमध्ये तक्रारीसाठी पत्ता बहुधा दिलेला असतो. त्या पत्त्यावर संपूर्ण शीर्षभागासह चार-पाच लेखांचे नमुने शांत शब्दांत पाठवावेत. लहान सर्व्हर चालवणारी माणसे बरेचदा हौशी असतात, आणि कोणत्या खात्यामुळे आपल्या सर्व्हरचे नाव खराब होत आहे हे त्यांना दाखवून दिले तर ती लक्ष घालतात.

प्रश्न : आमच्या भटकंती मंडळाच्या संकेतस्थळावर सदस्यांसाठी चर्चागट आहे. जाहिराती रोखण्यासाठी मी ‘कर्ज’, ‘लॉटरी’, ‘नोकरी’ अशा शब्दांची बंदीयादी केली. जाहिराती थोड्याफार कमी झाल्या, पण आमच्याच सदस्यांचे संदेश अडकू लागले, आणि ज्या जाहिराती यायच्या त्या येतच आहेत. यादी अधिक चांगली कशी करावी?
— एक कार्यकर्ती, पुणे

उत्तर : आपल्या सदस्यांचे संदेश का अडकले, याचा एक अंदाज पत्र न उघडताच करता आला असता. भटकंती मंडळात ‘कर्जत’ हा शब्द येणारच, आणि ‘कर्ज’ हा तुकडा जेथे दिसेल तो संदेश अडवा असे यंत्राला सांगितले की कर्जतची लोकल, कर्जतहून निघणारी वाट आणि कर्जतला मुक्काम हे सारे त्याच्या लेखी सावकारी ठरते. इंग्लंडमधील स्कन्थॉर्प या गावाच्या रहिवाशांना १९९६ मध्ये अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट सेवेची खाती उघडता येईनात, कारण गावाच्या नावात दडलेला एक अश्लील शब्द गाळणीला सापडला होता. तेव्हापासून या प्रकारच्या चुकीला त्या गावाचेच नाव पडले आहे.

इंग्रजीत यावरचा उपाय सोपा आहे : तुकडा न जुळवता पूर्ण शब्द जुळवावा. मराठीत तो अर्धाच चालतो. पूर्ण शब्द जुळवला की कर्जत सुटते, पण ‘कर्जासाठी’, ‘कर्जाची’, ‘कर्जावर’ हे सारेही सुटतात, आणि जाहिरातदार तर बहुतेक वेळा हीच रूपे लिहितो. म्हणून यादीत मूळ शब्दाबरोबर त्याचे सामान्यरूप वेगळे घालावे लागते. ‘कर्ज’ हा पूर्ण शब्द आणि ‘कर्जा’ने सुरू होणारा कोणताही शब्द, असे दोन नियम केले की कर्जत बाजूला राहते. अशी काळजी प्रत्येक शब्दासाठी घ्यावी लागते, आणि तयार मिळणाऱ्या गाळण्या ती घेत नाहीत.

त्याहून अवघड गोष्ट संगणकाच्या पोटात आहे. अनेक प्रोग्रामिंग भाषांतील शब्द ओळखण्याची तयार खूण अक्षरांना शब्दाचा भाग मानते, पण काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडण्याचे चिन्ह यांना मानत नाही. अशा गाळणीपुढे ‘कर्ज’ आला की त्याचे ‘कर’ आणि ‘ज’ असे दोन तुकडे होतात, आणि ‘नोकरी’ आला की ‘न’ आणि ‘कर’. दोन्ही जाहिरातींतून ‘कर’ हा तुकडा वारंवार दिसल्यावर यंत्र त्यालाच गुन्हेगार ठरवते, आणि मग ‘काळजी करू नका’ असे लिहिणारा सदस्य अडकतो, कारण ‘करू’चाही तुकडा ‘कर’च होतो. आपल्या संकेतस्थळाच्या तंत्रज्ञाला एवढेच विचारावे : शब्द तोडताना देवनागरीच्या मात्रा शब्दातच धरल्या आहेत ना?

दिसायला एकच पण आत वेगळी असणारी अक्षरे हा पुढचा विषय. ‘ॲप’ आणि ‘अॅप’ हे शब्द पडद्यावर सारखे दिसतात. पहिल्यात ॲ हे एकच चिन्ह आहे, तर दुसऱ्यात अ वर चंद्र वेगळा दिलेला आहे, आणि युनिकोड या संगणकीय अक्षरांच्या प्रमाण पद्धतीतील नेहमीच्या प्रमाणीकरणातही ही दोन रूपे एक होत नाहीत. जाहिरातदाराने हे ओळखून केलेले नसते. त्याच्या कळफलकावर जे उमटते ते तो लिहितो, पण गाळणी फसते ती फसतेच. ‘दऱ्या’ हा शब्दही दोन प्रकारे टंकित होतो, आणि त्यांपैकी जुन्या प्रकारात डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह असते. इंग्रजीत अदृश्य चिन्हे बहुधा लबाडीचीच खूण असतात, म्हणून परदेशी गाळण्या ती दिसताच संदेश अडवतात. आपल्या मंडळात मात्र दऱ्याखोऱ्यांविषयी लिहिणारी माणसेच जास्त. तेव्हा मूळ संदेशाला हात न लावता, केवळ तुलनेसाठी केलेल्या प्रतीतून अदृश्य चिन्हे काढावीत, ॲची दोन्ही रूपे एक करावीत आणि मग यादीशी ताडून पाहावे.

शब्दयादीला पर्याय म्हणून शिकणारी गाळणी वापरता येते. पॉल ग्रॅहम या अमेरिकेतील प्रोग्रामरने ऑगस्ट २००२ मध्ये लिहिलेल्या निबंधानंतर ती ईमेलमध्ये सर्वत्र पसरली. कोणता शब्द जाहिरातीत किती वेळा आणि खऱ्या पत्रात किती वेळा येतो, याचे प्रमाण ती आपल्या उदाहरणांवरून शिकते आणि सर्व शब्दांच्या शक्यता एकत्र करून निर्णय देते. तिचे मोठे बळ असे की प्रत्येक गटाची ती वेगळी होते. आपल्या मंडळातल्या खऱ्या संदेशांत ‘कर्जत’ शंभरदा आलेला असेल तर ती त्याला निर्दोष मानायला आपोआप शिकते. मात्र मराठीत एका शब्दाची पुष्कळ रूपे होतात, त्यामुळे तिला इंग्रजीपेक्षा बरीच अधिक उदाहरणे द्यावी लागतात. लहान गटाकडे तेवढी नसतात. शिवाय आपल्याकडची निम्मी मराठी रोमन लिपीत लिहिली जाते, आणि तिला स्वतःचे असे शुद्धलेखन नाही.

एवढे सगळे सांगून झाल्यावर माझे मत असे आहे की आपण शब्दांच्या मागे लागूच नये. मजकूर आता यंत्राकडून लिहून घेता येतो. प्रत्येक प्रत वेगळ्या शब्दांत, व्याकरणशुद्ध, कधी कधी तर आपल्या मागच्या सहलीचा उल्लेख करून येते. गळक्या नळाखाली बादल्या बदलत बसण्यापेक्षा नळ आवळावा. जाहिरातदाराला काही झाले तरी एक गोष्ट करावीच लागते, ती म्हणजे नवे खाते काढून लवकरात लवकर दुवा टाकणे. म्हणून नव्या सदस्याचे पहिले काही संदेश आपण पाहिल्याशिवाय प्रसिद्ध होऊ नयेत, त्यात दुवे, चित्रे आणि दूरध्वनी क्रमांक चालू नयेत, आणि आठवडाभर वाचन केल्यावरच इतर सदस्यांना खासगी निरोप धाडण्याची मुभा मिळावी. डिस्कोर्स या चर्चागटांच्या सॉफ्टवेअरमध्ये सदस्याच्या विश्वासाच्या शून्यापासून चारपर्यंत पायऱ्या आहेत, त्या याच तत्त्वावर. मेलमन या ईमेल-गटांच्या सॉफ्टवेअरमध्येही नव्या सदस्याला आपोआप तपासणीखाली ठेवता येते. यात मेहनत आहे. परंतु चालू असलेल्या मंडळात नवे सदस्य महिन्याला थोडेच येतात, आणि त्यांचे पहिले दोन संदेश वाचणे हे रोज शंभर संदेशांवरची बंदीयादी जुळवण्यापेक्षा हलके काम आहे. दोन-तीन जणांनी ते वाटून घ्यावे, म्हणजे एकजण हरिश्चंद्रगडावर असताना दुसऱ्याने दार सांभाळावे.

नोंदणीच्या वेळी एखादा मराठी प्रश्न विचारावा, असे पुष्कळजण सुचवतात. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते, यासारखा. काही वर्षांपूर्वी यंत्रे त्यावर अडत. आता कळसूबाईचे नावच काय, उंचीही ती लगेच सांगतात. केवळ तुमच्या गटालाच माहीत असलेली गोष्ट विचारली, जसे की मागच्या सहलीचा मुक्काम, तर काही काळ ते चालेल. पण मग ज्यांना नव्याने यायचे आहे तेही अडतील, आणि मंडळाला नवी माणसे हवीच असतात.

प्रश्न : आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप गट आहे. संमेलनासाठी गटाचा दुवा फेसबुकवर टाकला होता; तेव्हापासून अनोळखी क्रमांक गटात येतात, ‘शेअर बाजारात खात्रीचा नफा’ असा संदेश टाकतात आणि निघून जातात. क्रमांक काढला की दुसरा येतो. कोणा सदस्याची फसवणूक झाली तर ॲडमिन म्हणून मी जबाबदार धरला जाईन का?
— एक ॲडमिन, कोल्हापूर

उत्तर : क्रमांक काढत बसू नये; गटाच्या दुव्याच्या पर्यायांत जाऊन आधी तो दुवा रद्द करून नवा घ्यावा. फेसबुकवर पडलेला जुना दुवा त्याच क्षणी निकामी होतो. नंतर गटाच्या परवानग्यांमध्ये ‘नव्या सदस्यांना ॲडमिनची मान्यता’ हा पर्याय सुरू करावा आणि सदस्यांनी स्वतः कोणालाही जोडू नये असेही ठरवावे. संमेलनाच्या दिवसांत गर्दी वाढली तर काही काळ फक्त ॲडमिननेच संदेश टाकावेत असा पर्याय ठेवता येतो, पण तो कायम ठेवला की गट सूचनाफलक होऊन बसतो.

व्हॉट्सॲप स्वतः या संदेशांना का अडवत नाही, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. तेथील संदेश पाठवणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत कूटबद्ध असल्याने कंपनीच्या सर्व्हरला मजकूर वाचता येत नाही. तिला दिसते ती वागणूक : कोणते खाते किती जलद किती गटांत शिरते, आणि त्याच्याविरुद्ध किती तक्रारी येतात. त्यामुळे सदस्यांची तक्रार हीच कंपनीची मुख्य दृष्टी आहे. तक्रार करताना त्या खात्याकडून आलेले अलीकडचे पाच संदेश कंपनीकडे जातात. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी पडद्याचे चित्र काढावे, मग त्या क्रमांकाविरुद्ध तक्रार करावी, त्यानंतर ॲडमिनचा अधिकार वापरून संदेश सर्वांसाठी पुसावा आणि शेवटी क्रमांक काढावा. बहुतेक ॲडमिन संतापाने उलट्या क्रमाने जातात, आणि मग पोलिसांना दाखवायला काहीच उरत नाही.

जबाबदारीविषयी : मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये दिलेल्या निकालात असे म्हटले आहे की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, दोघांचा समान हेतू असल्याचे दिसत नसेल तर, केवळ ॲडमिन असल्यामुळे कोणाला दोषी धरता येत नाही, कारण मजकूर टाकला जाण्यापूर्वी तो तपासण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. ते प्रकरण आर्थिक फसवणुकीचे नव्हते. तेव्हा प्रत्यक्ष प्रसंग उद्भवल्यास वकिलाचा सल्ला घ्यावा. परंतु फसव्या योजनेचा संदेश कळूनसवरून ठेवणारा, किंवा ‘मला नफा झाला’ अशी साक्ष देणारा ॲडमिन या निकालाच्या आधारावर निश्चिंत राहू शकणार नाही.

एखाद्या सदस्याने पैसे भरलेच असतील तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तत्काळ कळवावे. पैसे पुढच्या खात्यांत विखुरण्याआधी कळवले तर ती रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते, म्हणून येथे शरमेपायी गप्प राहणे सर्वांत महाग पडते. गुंतवणुकीचा सल्ला देणारी व्यक्ती सेबीकडे नोंदलेली आहे का, हे सेबीच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येते.

प्रश्न : आमच्या मराठी मंडळाच्या ईमेल-गटावर मी माझ्या जुन्या याहूच्या पत्त्यावरून पत्र टाकते, पण जीमेल वापरणाऱ्या अनेकांना ते मिळत नाही किंवा स्पॅममध्ये सापडते. मी तर कधीच जाहिरात केलेली नाही. मग मलाच का गाळले जाते?
— एक वाचिका, न्यू जर्सी

उत्तर : आपल्या मजकुराचा यात काहीही दोष नाही. ईमेल-गट आपले पत्र घेतो, विषयाच्या आधी मंडळाचे नाव जोडतो, खाली मंडळाची तळटीप लावतो आणि आपल्याच नावाने पुढे पाठवतो. तळटीप लावल्यामुळे याहूने पत्रावर केलेली डिजिटल स्वाक्षरी जुळत नाही, आणि पत्र याहूच्या नव्हे तर मंडळाच्या सर्व्हरवरून आलेले असते. पाहणाऱ्याला ते नेमके तोतयाने पाठवल्यासारखे दिसते. आमच्या नावाने आलेले असे पत्र नाकारा, अशी सूचना याहूने एप्रिल २०१४ पासून जगातल्या सर्व सर्व्हरांना दिलेली आहे; तिला डीमार्क धोरण म्हणतात. त्या महिन्यात असंख्य ईमेल-गट एकाएकी मुके झाले होते, आणि फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे धाडणाऱ्यांसाठीही नियम कडक केले आहेत.

उपाय आपल्या हातात नसून गट चालवणाऱ्याच्या हातात आहे. पत्र पुढे पाठवताना ‘फ्रॉम’ ओळीत गटाचा पत्ता आणि त्यासोबत आपले नाव घालावे, आणि उत्तराचा पत्ता आपला ठेवावा, अशी सोय मेलमनमध्ये आहे. किंवा विषयातली जोड आणि तळटीप दोन्ही बंद केल्या तर मूळ स्वाक्षरी शाबूत राहते. चालकाला पत्राची वेळ आणि विषय कळवून, ज्यांना ते मिळाले नाही अशा एखाद्या सदस्याकडे आलेली परतीची सूचना असल्यास तीही जोडावी. तोपर्यंत तेच पत्र पुन्हा पुन्हा पाठवू नये, कारण थोड्या वेळात एकसारखी पाच पत्रे आली की गाळणीला आपल्याविषयी आजवर नसलेला संशय खरोखरच येऊ लागतो.